जुलीचं दुसरं वेत

१२ फेब्रुवारी १९८१, गुरुवार
भुरी सकाळी उठताना घसरली. फरशी ओली नव्हती. पुढचे पाय उभे, मागचं अंग खालीच. मग कंबर डावीकडे टाकून कशीबशी उठली. कुत्र्याचं पिल्लू ते, अजून सहा महिन्यांचंही नाही.
विलास म्हणाला, "आत्या, गुळगुळीत फरशीवर सरकतोय तिचा पाय. पोतं टाक."
पोतं टाकलं. पोत्यावरही तसंच.
जुली कोपऱ्यातून बघत होती. आईला कळत असेल का.

१८ फेब्रु.
अंगणातल्या तीन पायऱ्या भुरी आता चढत नाही. खाली उभी राहून माझ्याकडे बघते. वरच्या मजल्यावरच्या दाणी साहेबांनी गॅलरीतून पाहिलं. "काकू, कॅल्शियम कमी पडतंय. अंड्यांची टरफलं कुटून घाला." घालते आहे. त्यांच्या बायको, सुमनताई, म्हणाल्या, वाढत्या अंगाला होतं असं.
हे वाक्य मी पूर्वी ऐकलं आहे. सासूबाई म्हणाल्या होत्या, अशोकच्या वेळी.
पुढचं लिहीत नाही.

२० फेब्रु., शुक्रवार
सुट्टी. धुणं, दळण निवडणं. डोक्यात तेच. आपणच केलं ना हे सगळं, मग नीट लिहून तरी ठेवावं.
ह्यांच्या गोऱ्या साहेबाच्या मिसेस एच. विलायतेला परत गेल्या तेव्हा जुलीला ह्यांच्या हवाली करून गेल्या. ह्यांचा फार जीव. वर्कशॉपमधून आले की आधी तिला समुद्रावर. हे गेल्यावर घरात मी आणि जुली. दिवसभर मी हॉस्पिटलच्या शिवणखोलीत चादरी, गाऊन शिवायची, ती दाराशी. असं वर्ष काढलं. दाणींकडे सुलतान, तोही अल्सेशियन, तोही अहमदीच्या तेल कंपनीच्या इंग्रज कॅम्पातला. सुमनताई म्हणायच्या, "बिचारीला एकदा तरी आईपण मिळू द्या हो." मला पटायचं. घरात काहीतरी लहान हवं होतं.
आणि दुसरं कारण. ते लिहिलं नाही तर लिहिण्यात अर्थ नाही. विलास तिकडे घरी बसून होता. दादाचं दर पत्रात तेच, माझ्या पोराचं तिथे बघ. इथे आखातात वास्ता लागतो, मधे कुणी वजनदार माणूस बोलला पाहिजे. दाणींच्या मुदीरचं, म्हणजे मोठ्या साहेबांचं, वफ्र्याला शेत, त्यांना राखणीला अल्सेशियन हवे होते. दाणी म्हणाले, "पिल्लं द्या काकू, व्हिसा मी बघतो."
सहा पिल्लं झाली. तीन वफ्र्याला गेली. महिन्याच्या आत विलासचा कागद आला.
जुलीला पहिलटकरणीसारखे डिंकाचे लाडू घातले होते. सुमनताईंनी ओवा-शेपा आणल्या. बाराव्या दिवशी पिल्लांचं बारसं, घुगऱ्या वाटल्या. किती हसलो होतो.

२६ फेब्रु., गुरुवार
जनावरांच्या दवाखान्यात गेलो, वि. आणि मी, टॅक्सीने. डॉक्टर केरळचे. भुरीला उताणं धरून फोटो काढला. फोटो उजेडावर धरून मला दाखवला. खुब्याची वाटी खोल हवी, हिची बशीसारखी उथळ. हाड तिच्यात बसतच नाही. दोन्हीकडे.
"अम्मा, ये कैल्शियम का काम नहीं है. माँ-बाप से आया है."
बाकीची पिल्लं कुठे आहेत विचारलं. सांगितलं, तीन वफ्र्याला, एक अब्बासियात, एक साल्मियात.
"बच्चे किसने कराए?"
"मैंने."
रागावले असते तर बरं झालं असतं. नुसतं म्हणाले, माँ-बाप दोनों के कागज़ देखो. और दोबारा मत कराना.

५ मार्च
मिसेस एच.चा मोठा पिवळा लिफाफा. इतकी वर्षं कपाटावर, कधी उघडला नाही. आत जुलीचा कागद, माणसाच्या वंशावळीसारखा, चार पिढ्यांची नावं. एक जाड पुस्तकही, कुत्री कशी पैदा करावीत त्याचं. इंग्रजी. ह्यांची डिक्शनरी घेऊन बसले.
सुमनताईंकडून सुलतानचा कागद मागून आणला. पिल्लं नेणारे विचारतात म्हटलं. अगदीच खोटं नाही, डॉक्टरांनी बघायला सांगितलंच होतं.
दोन्ही कागद टेबलावर शेजारी ठेवले. आया वेगळ्या. बाप एकच. तीन शब्दी लांब नाव, पुढे नंबर. नंबरही तोच. बोट ठेवून आकडा आकडा ताडून पाहिला.
जुली आणि सुलतान भाऊबहीण आहेत.
हा कागद गेल्या उन्हाळ्यातही माझ्याच घरात होता.

६ मार्च, शुक्रवार
दोन्ही कागद घेऊन वर गेले. दाणी साहेब नाशिकला पत्र लिहीत होते. धाकट्या बहिणीला स्थळ आलं आहे, मुलगा चांगला, पण सगोत्र निघाला, म्हणून नकार कळवत होते. मला ते सगळं सांगून झाल्यावर मी कागद दाखवले.
हसले. "कुत्र्याला कसलं आलंय गोत्र, काकू!"
मी म्हटलं, एकच बाप आहे साहेब. भुरीचे पाय त्यामुळे गेले.
"उगाच मनाला लावून घेता. एका पिल्लाचं झालं तसं. आणि असं बघितलं तर तुमच्याकडे मामा-आत्याच्यात करतातच की लग्नं. काय बिघडतं?"
सुमनताई आतून म्हणाल्या, "अहो."
त्यांच्या लक्षात आलं. पत्र उलटं ठेवलं, चष्मा पुसायला लागले. मी कागद उचलले आणि खाली आले.

१४ मार्च
पुस्तक रोज दोन पानं. शाळा माझी चौथीपर्यंत. मराठी वाचायला लागले ती इथल्या मराठी मंडळाच्या कपाटातल्या पुस्तकांनी, इंग्रजी चादरींवरच्या शिक्क्यांनी. तरी हे वाचते आहे. एका पानावर चार दिवस होते. समजलं ते माझ्या शब्दांत लिहिते.
काही दोष अंगात लपून राहतो. एकीकडून आला तर दिसत नाही, जनावर धडधाकट. दोन्हीकडून आला की बाहेर पडतो. लांबच्यात जोडी लावली तर दोघांत तोच दोष असणं कठीण. जवळच्यात सोपं. म्हणून जाणती माणसं आधी कागद बघतात, दोघांच्या खुब्यांचे फोटो काढतात, आणि दोष दिसला की त्या जनावराची पैदास थांबवतात, कितीही देखणं असो. बाकीचे घरात नर आहे, मादी आहे, एवढंच बघतात.
आम्ही बाकीचे.

१५ मार्च
झोप नाही. कामावर तीन गाऊनच्या बाह्या उलट्या लावल्या, उसवल्या.
हे माझे सख्खे आतेभाऊ. लग्नात सगळे म्हणाले होते, पोरगी घरच्या घरात राहिली, नशीब काढलं.
अशोक साडेपाच वर्षांचा होऊन गेला. सुभाष चार. रक्त बनत नव्हतं त्यांच्या अंगात. पोटं फुगलेली, तोंड पिवळं. सांगलीला डॉक्टरांनी विचारलं होतं, नवरा-बायको नात्यातले का? मी सांगितलं, हो, सख्ख्या आत्याचा मुलगा. चांगलं सांगते आहे असं वाटून सांगितलं. त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि मान खाली घालून बसले.
तेव्हा सुभाष पोटात होता.
डॉक्टरांना माहीत होतं. बोलले नाहीत. बोलले असते तरी काय करणार होते मी. आणि सुभाष झालाच नसता तर? चार वर्षं होता तो. वरण-भात कालवला की आधी माझ्या तोंडात घास घालायचा.
हे नाहीत आता विचारायला. ह्यांना समजलं होतं का कधी?

३ एप्रिल, शुक्रवार
वि. मुदीरच्या ड्रायव्हरबरोबर वफ्र्याला जाऊन आला. मीच पाठवलं. एक पिल्लू साखळीला आहे, ठीक चालतं. दोन नाहीत.
"नाहीत म्हणजे?"
"पाय गेले होते म्हणं त्यांचे."
"मग?"
"आत्या, राखणीचं कुत्रं ते. बसून खायला कोण घालणार."
कसं केलं ते विचारलं. हात-पाय धुवायला गेला तो बराच वेळ आतच.

१० एप्रिल, शुक्रवार
अब्बासियाला गेले. तिथलं पिल्लू एका टायपिस्टकडे आहे, चार जणांच्या खोलीत. रॉकी नाव. चालतो बरा. त्यांना सांगितलं, ह्याची जोडी कधी लावू नका, दोष असेल, दिसत नसला तरी. टायपिस्ट म्हणाला, "मावशी, खालच्या दुकानवाल्याची मादी आहे ना, त्याला शब्द दिलाय मी." दुकानवाल्यालाही सांगितलं. त्याने ऐकून घेतलं, केळी पुड्यात बांधून दिली.
साल्मियाचे लोक देश सोडून गेले. पिल्लाचं कुणाला माहीत नाही.

२४ मे
ऊन सुरू. सकाळी आठलाच फरशी तापते. भुरी आता मागचं अंग ओढत जाते. कातडी सोलवटली. मी चादरीच्या तुकड्याचे मोजे शिवले, टिकत नाहीत. उचलून अंगणात नेते, उचलून आणते. वजन वाढतंय. वि. घरी असला की तो नेतो, काही न बोलता. मुलगा वाईट नाही.

११ जून
भुरीला आज नेलं. डॉक्टर म्हणाले, बाहेर बसा अम्मा. बसले नाही. डोकं मांडीवर घेतलं. सुई टोचली तेव्हा माझ्या हाताचा वास घेत होती.
दहावा महिना चालू होता तिला.

३ जुलै
काही नाही. जुली भुरीच्या पोत्यावर जाऊन झोपते.

४ सप्टें., शुक्रवार
जुली माजावर येणार, लक्षणं दिसतात. दाणींच्याही लक्षात आलं. खाली आले, चहा घेतला.
"काकू, मुदीर दोनदा विचारून गेले. दोन पिल्लं वाया गेली त्यांची. बदली द्यायला हवीत."
मी म्हटलं, मिळणार नाहीत.
"जानेवारीत विलासचा इकामा संपतो. राहायचा परवाना वाढवायला सही त्यांचीच लागते."
"माहीत आहे."
"एवढं शिकून-बिकून घेतलंत, पण व्यवहार काय ते नाही."
कप त्यांनी स्वतः मोरीत नेऊन ठेवला. असं कधी करत नाहीत.
उद्यापासून अंगणाच्या दाराला कुलूप. किल्ली माझ्याबरोबर कामावर.

१९ सप्टें.
घरी आले तर जुली दाराशी आली नाही. कोपऱ्यात अंग चाटत पडलेली. कुलूप जसंच्या तसं. पुढच्या दाराची किल्ली वि.कडे असते, ते मी धरलंच नव्हतं.
"वर कुणी नेलं तिला?"
वि. मग एकदम बोलला. "मी. आज नेलं. काय करणार होतो? तुझं हॉस्पिटल आहे, तुला कोण हाकलणार नाही. मला परत धाडलं तर बाबांना काय तोंड दाखवू?"
मी म्हटलं, पाय गेलेली पिल्लं तूच बघून आलास ना रे.
"सगळ्यांचे जात नाहीत! अशोकदादाचं, सुभाषदादाचं तू कुत्र्यावर काढतीयास आत्या. घरात सगळ्यांना ठाऊक आहे त्यांचं काय झालं ते. कोण असं पुस्तकं घेऊन बसलं नाही."
मी भाकरी थापत होते. थापत राहिले. सगळ्यांना ठाऊक आहे.

२० सप्टें.
वि.साठी जुलीला सुलतानकडे पहिल्यांदा कुणी नेलं? मीच. तो माझ्याकडूनच शिकला.

१७ ऑक्टो.
डॉक्टरांकडे. पोटात आहेत, नक्की. काढून टाकता येईल का विचारलं. तोंडातून शब्द काढायला वेळ लागला. डॉक्टर म्हणाले, सात वर्षांची आहे, छातीत आवाज बरोबर नाही, आत्ता कापलं तर तीच जाईल. होऊ द्या. नंतर दोन महिन्यांनी पिशवी काढून टाकू, म्हणजे पुन्हा प्रश्न नाही.
तिचा जीव की त्यांचे पाय. मी तिचा जीव धरला. बरोबर केलं की नाही कळत नाही.

२० नोव्हें., शुक्रवार
सहा. पहाटेपासून दुपारपर्यंत. एकाच्या टाळूला भोक, दूध नाकातून येत होतं. संध्याकाळी गेलं. पाच आहेत.
पाचही सुरेख. गुबगुबीत, काळी, पंजे एवढे मोठे. सुमनताई बघायला आल्या, डबा घेऊन. "बघा, काही दोष दिसतो का? तुम्ही उगाच."
जन्मताना नाही दिसत. अशोक साडेसात पौंडांचा होता. सुईण म्हणाली होती, राजबिंडा.

२ डिसें.
बारावा दिवस. सुमनताईंनी वरून विचारलं, बारसं? नाही म्हटलं.

१ जाने. १९८२, शुक्रवार
दाणी कळवून गेले, पंधरा तारखेला मुदीर स्वतः येणार, पिल्लं निवडायला. "त्यांच्यापुढे काही बोलू नका काकू. विलासचे कागद मी बॅगेतच घेऊन येतो, तिथल्या तिथे सही."
वि. ऐकत होता. दाणी गेल्यावर मला म्हणाला, "बोलणार आहेस का?"
मी म्हटलं, तुला काय वाटतं?
तो उठून पिल्लांचं पाणी बदलायला गेला.

१५ जाने., शुक्रवार
आले. साठीचे. बाप त्यांचा मुंबईला खजूर घेऊन यायचा, लहानपणी हेही यायचे, तिथली हिंदी अजून तोंडात. खुर्ची दिली, बसले नाहीत, उकिडवे बसून पिल्लं बघत होते. दाणी उभे, बॅग काखेत. वि. दाराशी.
एक पिल्लू उचललं. "ये अच्छा है."
मी म्हटलं, "साहब, इनमें खोट हो सकता है. पैर का. पहले वालों में था."
दाणींनी घसा साफ केला.
"कौन सा खराब है?"
"मालूम नहीं. छह-सात महीने में दिखेगा."
"एक? सब?"
"मालूम नहीं."
पिल्लू खाली ठेवलं. "मेरा दो गया. तब क्यों नहीं बोला?"
"तब मालूम नहीं था."
"अच्छा. अब मालूम है. फिर बच्चा क्यों निकाला?"
वि.कडे बघितलं नाही मी. बघितलं असतं तर त्यांनीही बघितलं असतं.
म्हटलं, "मेरी गलती है."
पिल्लं त्यांच्या बुटाची नाडी ओढत होती. मग उठले. "सात महीना का होने तक तुम रखो. जो ठीक चलेगा वो मेरा, सब. जो नहीं चलेगा..." गाडीत जाऊन बसले.
कागदांचं दाणींनी काढलं नाही, त्यांनीही विचारलं नाही. बॅग उघडलीच नाही. जिन्यात दाणी म्हणाले, "आता माझ्याकडे येऊ नका काकू, विलासचं काय करायचं विचारायला."
संध्याकाळी वि. म्हणाला, "गलती माझी होती. तू का घेतलीस?"
पहिल्या वेळेची माझीच आहे, म्हटलं.

२१ जाने.
जुलीची पिशवी काढली. जगली. डॉक्टर म्हणाले, छातीमुळे भीती होती, पण जगली. टाके बघते आहे. चादरीला मी घालते त्यापेक्षा बारीक.
सुमनताई जिन्यात भेटल्या. "कापलंतच म्हणे तिला?" आणि माझ्या हाताला हात लावून वर गेल्या.

२९ जाने., शुक्रवार
वि.चा इकामा परवा संपतो. दाणींमार्फत काही निरोप नाही. वि. स्वतः मुदीरच्या ऑफिसात दोनदा जाऊन आला, बाहेर बाकावर बसून आला. दादाला पत्र लिहायला घेतलं, दोन ओळींपुढे सरकत नाही.
पाच पिल्लं. जी चालतील ती शेतावर साखळीला. जी चालणार नाहीत ती तिथे जाऊ देणार नाही, हे मी ठरवलं आहे, पण त्यांचं मी काय करणार, एका खोलीत, एका पगारात, ते ठरवलेलं नाही. सुईच्या वेळी पुन्हा मांडी द्यायची. किती वेळा.
दर शुक्रवारी पोतं काढून पाचहीजणांना उघड्या फरशीवर निजवते, लांब जाऊन हाक मारते आणि उठताना मागचे पाय बघते. अजून वीस शुक्रवार. आज वि. शेजारी येऊन बसला, आपण होऊन. पाचही उठली, धावत आली.
वि. म्हणाला, "तिसऱ्यानं जरा वेळ घेतला का गं?"
मी म्हटलं, झोपेत होतं.
पुन्हा निजवून पुन्हा हाक मारायचा धीर दोघांनाही झाला नाही. पोतं परत टाकलं.